इंग्रजीचा प्रोजेक्ट द्यायचाय? आधी वाचणारा शोधा, मग विषय

दरवर्षी कुणीतरी नवीन लागलेले सर नाहीतर मॅडम फोन करतात आणि विचारतात, पोरं इंग्रजीच्या तासाला मानच वर करत नाहीत हो, प्रोजेक्ट देऊन बघू का? बघा की. पण आधी माझा पहिल्या वर्षीचा प्रोजेक्ट ऐका म्हणजे कसा द्यायचा नाही ते कळेल.

आठवीचा वर्ग, 42 पोरं, सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातली मराठी माध्यमाची शाळा. मी विषय दिला 'माय व्हिलेज', आठ दिवसांची मुदत दिली, आणि आठव्या दिवशी टेबलावर कार्डशीटांचा ढीग पडला, स्केचपेनच्या नक्षीच्या बॉर्डरी, चमकी, एकीने तर कापूस चिकटवून ढग केलेले. मी लई खूश. मग वाचायला बसले तर तीसेक जणांच्या गावात 'अ बिग रिव्हर फ्लोज निअर माय व्हिलेज'. आमच्या गावाला नदी नाही. एक ओढा आहे, तो पण संक्रांतीनंतर कोरडा. चौकशी केल्यावर कळलं की स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे दहा रुपयाला एकच प्रिंट मिळत होती आणि सगळ्यांनी ती उतरवून काढली होती. म्हणजे प्रोजेक्ट त्या दुकानदाराने केला, पोरांनी हस्ताक्षर केलं.

चूक पोरांची नव्हती. आपल्याच गावाची माहिती मॅडमना इंग्रजीतून का सांगायची, मॅडम तर रोज त्याच एसटीने येतात, त्यांना माहितीय की सगळं! मी तरी काय केलं असतं त्यांच्या जागी.

आपल्याकडे 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे आठवीतलं पोरगं सात वर्षं इंग्रजी शिकून आलेलं असतं, शब्द बऱ्यापैकी माहीत असतात. नसतं ते कारण. तर हे कारण कसं तयार करायचं ते खाली पायरी पायरीने सांगते. उदाहरण आमच्या बेदाण्याच्या पुस्तिकेचं घेते, कारण ती तीन वेळा केलीय आणि तिन्ही वेळा वेगवेगळ्या ठिकाणी आपटलेय.

पायरी 1: मराठी न वाचणारा एक खरा माणूस शोधा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि हीच सगळे गाळतात. स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, हे इंग्रजीतच का? उत्तर 'कारण इंग्रजीचा तास आहे' असं येत असेल तर तो प्रोजेक्ट सोडून द्या.

आमच्या भागात असा वाचणारा शोधायला लांब जावं लागत नाही. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या पट्ट्यातली कितीतरी घरं सोन्याचांदीच्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात बाहेर आहेत, कोण तमिळनाडूत, कोण केरळात, कोण पार उत्तरेत. त्यांची पोरं तिकडच्या शाळेत शिकतात, घरात मराठी बोलतात, जत्रेला आणि मे महिन्यात गावाकडं येतात, पण देवनागरी वाचायची म्हटलं की अडखळतात. इंग्रजी मात्र वाचतात. तुमच्या वर्गात विचारून बघा, चुलत, मावस, आत्तेभाऊ धरून अशी चार-पाच भावंडं सहज निघतात. झाला वाचणारा. आणि तो परका नाही, सुट्टीत भेटून 'हे काय लिहिलंयस' म्हणून हसणारा आहे, त्यामुळं पोरं जपून लिहितात.

गलाईवाली घरं नसतील तर जत तालुक्याकडं बघा, तिथं कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. मराठी माध्यमाची आठवी आणि कन्नड माध्यमाची आठवी, दोघांच्या लिपी वेगळ्या, आणि दोघांनाही येणारी वाचायची सामाईक भाषा म्हणजे मोडकीतोडकी इंग्रजी. दोन्हीकडची सारखीच मोडकी असल्यामुळं कुणी कुणाला लाजत नाही, हा मोठा फायदा. मिरजेतल्या शिक्षकांना तर सतारमेकर गल्लीच जवळ आहे, तिथली सतार-तंबोरे देशभर आणि परदेशातही जातात, त्या गिऱ्हाइकाला मराठी थोडीच येते.

साताऱ्याच्या एका मैत्रिणीला कास पठारावर इंग्रजी माहितीपत्रक करायचं होतं. कल्पना चांगली, पठार जागतिक वारसा यादीत 2012 ला गेलंय, फुलं आहेत, फोटो आहेत. पण मी तिला म्हटलं कासला सप्टेंबरात येणारी निम्म्याहून जास्त गर्दी पुण्यामुंबईची मराठीच असते, ती तुझं इंग्रजी कशाला वाचेल? शेवटी तिने बेळगावच्या एका इंग्रजी शाळेच्या सहलीसाठी म्हणून ते केलं, तीस पोरांची सहल, तारीख ठरलेली. तारीख ठरलेली असली की पोरं पळतात.

पायरी 2: विषय असा की पोराला तुमच्यापेक्षा जास्त कळतं

मी बेदाणा निवडला कारण मला बेदाण्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, मी मूळची कोकणातली. आणि वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी द्राक्षबाग, दोघा-तिघांची बेदाणा वाळवायची स्वतःची शेड. डिपिंगला, म्हणजे वाळवण्याआधी द्राक्षं ज्या द्रावणात बुडवतात त्याला काय वापरतात, किती दिवसात वाळतो, चार किलो द्राक्षाचा साधारण किलोभर बेदाणा होतो हे त्यांना पाठ. फळ्यापाशी मी उभी आणि शिकवतंय पोरगं, असा तास व्हायला लागला की अर्धं काम झालं.

तुमच्याकडं हळद असेल, हरिपूरची ती हळद साठवायची जमिनीतली पेवं असतील, ऊस असेल, गुऱ्हाळ असेल. महापुरात पाणी कुठवर आलं होतं हा पण सांगलीत विषय होतो, 2019 आणि 2021 दोन्ही पूर पोरांनी किंवा घरच्यांनी बघितलेत, पण तो जपून घ्या, काही घरांत अजून त्या आठवणी जड आहेत. 'प्रदूषण', 'मोबाइल शाप की वरदान' असले विषय घेऊ नका. त्यात पोराकडं स्वतःचं असं काही सांगायला नसतं, मग तो झेरॉक्सवाल्याकडं जातो.

पायरी 3: छोटं ठेवा आणि कॅलेंडर बघून धरा

तीन आठवडे, आठ ते दहा तास, शेवटी हातात आठ पानांची एक पुस्तिका. बास. पहिल्यांदा करताना व्हिडिओ, नाटक, प्रदर्शन सगळं एकत्र करायला जाऊ नका.

बेदाणा करायचा तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी. तेव्हा शेड चालू झालेल्या असतात आणि वार्षिक परीक्षेची घाई नसते. मार्चमध्ये ढकललात तर मेलात, अर्धी पोरं बागेत कामाला आणि मुख्याध्यापक सराव परीक्षेच्या मागे. बेदाण्याच्या पहिल्या खेपेला मी तेच केलं आणि पुस्तिका एप्रिलमध्ये कशीबशी शिवली.

पोर्शन मागं पडेल असं हेडसर म्हणणारच. वाद घालू नका, पाठ्यपुस्तक उघडून दाखवा. माहिती गोळा करून परिच्छेद लिहिणं, पत्र, मुलाखतीचे प्रश्न हे सगळं लेखनकौशल्यात आहेच, दहावीला इन्फर्मेशन ट्रान्सफर, म्हणजे तक्त्यातली माहिती परिच्छेदात मांडायचा प्रश्न येतो तेच हे. आणि पॅसिव्ह व्हॉइस! बेदाणा कसा करतात हे पॅसिव्हशिवाय सांगताच येत नाही: द ग्रेप्स आर कट, दे आर डिप्ड, दे आर स्प्रेड ऑन द रॅक. 'राम ईट्स अ मँगो' चं उलटसुलट करून जे तीन वर्षं डोक्यात शिरलं नाही ते इथं दोन तासात शिरतं, कारण द्राक्ष कोण कापतो याच्याशी वाचणाऱ्याला देणंघेणं नाही, द्राक्षाचं काय होतं ते महत्त्वाचं. पॅसिव्ह का असतो हे मला स्वतःला तेव्हा नीट कळलं.

पायरी 4: आधी एक तालीम

सरळ मोठ्या प्रोजेक्टला हात घालण्याआधी एकच तास एक छोटं काम द्या. मी रेल्वेचं वेळापत्रक देते. मिरज जंक्शनवरून पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर अशा चारी बाजूंना गाड्या जातात, त्यातल्या आठ-दहा गाड्यांचा तक्ता इंग्रजीत करून द्यायचा आणि म्हणायचं, हुबळीचे एक काका आहेत, त्यांना दुपारी बाराच्या आत कोल्हापुरात पोचायचंय, मिरजेला जेवायला अर्धा तास पाहिजे, कोणती गाडी धरतील? पोरं भांडायला लागतात. भांडण मराठीत, पण डोळे इंग्रजी तक्त्यावर.

ही काय माझी शोधलेली गोष्ट नाही. एन. एस. प्रभू म्हणून भाषाशिक्षणातले मोठे अभ्यासक, त्यांनी 1979 ते 1984 या काळात बंगलोर आणि दक्षिण भारतातल्या काही साध्या शाळांमध्ये असंच करून बघितलं, व्याकरण वेगळं न शिकवता वेळापत्रक, नकाशा असली कोडी सोडवायला द्यायची, लक्ष अर्थावर राहिलं की भाषा मागनं येते. बी.एड.ला दोन मार्कांच्या टिपेसाठी आपण ते पाठ केलं असेल. साठ पोरांच्या, साध्या फळा-खडूच्या वर्गात ते चालू शकतं हे मात्र तेव्हा कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं.

पायरी 5: गट

चार-चारचे गट, पोरांनी पाडलेले नाहीत आणि मार्कांवरून पाडलेले पण नाहीत. मी असं करते, प्रत्येक गटात एक जण बागवाल्या घरचा, एक जण बरं इंग्रजी लिहिणारा, एक चित्र काढणारा आणि एक बोलका. कामं लिहून भिंतीला लावायची.

धोका एकच, हुशार पोरगी सगळं लिहून टाकते आणि बाकी तिघं तिच्या पाण्याच्या बाटलीशी खेळतात. उपाय सोपा आहे, आठ पानांपैकी प्रत्येकाची दोन पानं आणि पानाखाली नाव. वाचणाऱ्या चुलतभावाला कळणार की हे पान कुणाचं, मग कोण सोडतंय.

पायरी 6: शेडवर जाताना

पालकांच्या संमतीची चिठ्ठी, हेडसरांची लेखी परवानगी, सोबत दुसरे एक शिक्षक, हे न सांगता पण कराल. शेडवाल्याला आठवडाभर आधी फोन करा आणि त्याची सवड विचारून जा, माल टाकायच्या गडबडीत पंचवीस पोरं आली तर तो चहा पाजेल पण उत्तर देणार नाही. डिपिंगच्या द्रावणात हात घालायचा नाही आणि पिवळ्या बेदाण्याला गंधकाची धुरी देत असतील तर त्या बाजूला फिरकायचं नाही, हे शाळेतच बजावून न्या.

आता नवीन शिक्षक इथं घाबरतात की मुलाखत तर मराठीतच होणार! होऊ दे की. शेडवाले आबा काय इंग्रजीत बोलणारेत? प्रश्न आधी वर्गात इंग्रजीत तयार करायचे, हाऊ मेनी, हाऊ लाँग, व्हाय, हू, असे फळ्यावर सांगाडे देऊन, मग तिथं ते मराठीत विचारायचे, उत्तरं मराठीत टिपायची, परत येऊन इंग्रजीत मांडायची. मराठीतून गोळा करायचं आणि इंग्रजीतून द्यायचं, यात इंग्रजीचं काही बिघडत नाही, उलट पोरगं दोनदा विचार करतं. मी एका वर्षी 'ओन्ली इंग्लिश' चा हट्ट धरला होता तर शेडवर वीस मिनिटं नुसती शांतता, आबा म्हणाले पोरं आजारी हायत का काय मॅडम.

पायरी 7: लिहिणं आणि दुरुस्ती

इथं सगळ्यात जास्त वेळ जातो, आठातले चार तास धरा.

पहिला कच्चा मसुदा चुकांसकट येऊ द्या. लाल पेन बाजूला ठेवा. पहिल्या फेरीत फक्त एकच बघायचं, वाचणाऱ्याला कळतंय का. दुसऱ्या फेरीत फक्त क्रियापदं, कारण पॅसिव्ह शिकवतोय. स्पेलिंग सगळ्यात शेवटी, आणि ते पण एका गटाने दुसऱ्याचं तपासायचं. सगळ्या चुका एकदम काढल्या तर पान लाल होतं आणि पोरगं परत लिहीत नाही.

गुगल ट्रान्सलेटवर बंदी घालून उपयोग नाही, घरी मोबाइल आहेच. त्यापेक्षा त्याची परीक्षा घ्या. एका पोराने 'यंदा मालाला उठाव नाही' याचं 'द गुड्स डू नॉट राइज धिस इयर' असं आणलं. मी ते तसंच फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, चेन्नईतल्या तुझ्या भावाला यातनं काय कळेल? एक जण म्हणाला, बेदाणा फुगला नाही असं वाटेल मॅडम. सगळा वर्ग हसला, तो पण हसला, आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून 'पीपल आर नॉट बाइंग मच धिस इयर' वर आलो. त्या दिवसापासून मशीनचं वाक्य आणलं की पोरं स्वतःच म्हणायला लागली, उठाव झालाय का बघ!

काही शब्द इंग्रजीत आणायचेच नाहीत. सौदा हा सौदाच, ऑक्शन लिहिलं की त्यातली तासगावच्या मार्केटातली सगळी गंमत जाते. शब्द तसाच ठेवायचा आणि पुढे एका साध्या वाक्यात समजावायचा. हे समजावून सांगायचं वाक्यच पोरांना सगळ्यात जड जातं आणि त्यातच ती सगळ्यात जास्त शिकतात.

पायरी 8: खर्च

गटाला पन्नास रुपयांच्या वर खर्च नाही, हे पहिल्या दिवशी जाहीर करा. ए-फोर कागद दुमडून मध्ये शिवायचे, चित्र हाताने, झेरॉक्स ब्लॅक अँड व्हाइट. चमकी बंद.

पायरी 9: पाठवा, आणि उत्तर मागवा

फोटो काढून व्हॉट्सॲपवर लगेच जातं, पण एक प्रत पोस्टाने पाठवाच. पोराला स्वतः पत्ता इंग्रजीत लिहू द्या, पिनकोडसकट. आठवीतल्या बहुतेकांनी पाकिटावर पत्ता आयुष्यात पहिल्यांदा लिहिलेला असतो.

आणि सोबत चिठ्ठी, 'प्लीज आस्क अस टू क्वेश्चन्स'. ही ओळ विसरू नका, सगळी जादू इथं आहे. नुसतं 'व्हेरी नाइस' आलं तर दोन मिनिटांत विषय संपतो. आमच्याकडं एक प्रश्न आला होता, द्राक्षं उन्हात का वाळवत नाही, सावलीत का? वर्गात तो वाचून दाखवला तर मागून एकजण उठून उभाच राहिला, ज्याच्या घरी शेड आहे तो, उन्हात वाळवला तर काळपट पडतो मॅडम, हिरवा रंग ठेवायचा तर सावलीच पाहिजे, आणि लगेच विचारलं 'काळपट' ला इंग्रजीत काय म्हणायचं. तोपर्यंत त्याने मला वर्षभरात एकही शब्द विचारला नव्हता. तो काही त्या वर्षी इंग्रजीत हुशार झाला नाही, घटक चाचणीत वीसपैकी सातच पडले, हे पण सांगते, उगाच गोष्ट गोड करायला नको. पण 'ब्राउनिश' हा शब्द त्याने पाकिटाच्या कडेवर लिहून घेतला होता आणि ते पाकीट बरेच दिवस दप्तरात होतं.

पायरी 10: मार्क कसे द्यायचे

आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, प्रकल्पाची सोय आहेच, वेगळी परवानगी लागत नाही. पुस्तिका किती देखणी यावर मार्क देऊ नका. माझी वाटणी साधी: माहिती खरी आणि स्वतः मिळवलेली, वाचणाऱ्याला कळेल अशी मांडणी, पहिल्या मसुद्यात आणि शेवटच्या मसुद्यात पडलेला फरक, आणि शेवटी प्रत्येकाला एकट्याने दोन तोंडी प्रश्न, त्याच्या स्वतःच्या पानावरचे. कच्चे मसुदे म्हणूनच फेकू नका, फाइलला लावा, केंद्रप्रमुख आले की दाखवायला पण होतात. तोंडी प्रश्नांत कोण दुसऱ्याचं उतरवून आलंय ते अर्ध्या मिनिटात कळतं.

जी पोरं सारखी गैरहजर असतात त्यांना मुखपृष्ठ नाहीतर चित्रांखालच्या ओळी द्या, पूर्ण बाहेर ठेवू नका. ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेलं एखादं लेकरू वर्गात बसत असेल तर त्याला वाचणारा करा, त्याला बेदाणा माहीत नाही, प्रश्न तोच सगळ्यात चांगले विचारेल.

आणि शेवटचं, प्रत्येक गटाची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवा. पुढच्या वर्षी जूनमध्ये नव्या आठवीला पहिल्या तासाला तीच वाचायला द्यायची आणि चुका शोधायला सांगायच्या. मोठ्या वर्गातल्या दादाच्या चुका शोधायच्या म्हटल्यावर पोरं काय डोळे लावून वाचतात! गेल्या जूनमध्ये एका पोरीने 'रेझिन' च्या स्पेलिंगवर बोट ठेवलं, तीन वर्षं ती चूक तशीच छापली जात होती, आणि मी स्वतः ती तीनदा तपासली होती.